सात गावांच्या फायली आणि आप्पा

काम्प्युटर सेक्शनमध्ये कुणी घाबरून आलं की आप्पा त्याला आधी पाणी प्यायला लावत. घोटभर चालत नसे, पूर्ण पेला. तोही बसून. माणूस शिपाई असो की चीफ अकौंटंट, पेला रिकामा होईपर्यंत आप्पा त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. गळ्याभोवतीचा मफलर सारखा करत, टेबलावरची पट्टी रजिस्टरला समांतर लावत, आणि मग म्हणत, "हं, बोला. काय झालं ते नका सांगू. काय दिसायलंय तेवढं सांगा."

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मला एक अख्खा हंगाम लागला. कारखान्यातल्या काही लोकांना ते कधीच कळलं नाही. त्यातले दोघे पुढे संचालक झाले.

बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी तेव्हा रोजंदारीवर डेटा एंट्री करायचो. देशाने जगासाठी दारं उघडली आहेत असं वर्तमानपत्रात रोज वाचायला मिळे. त्या दारातून आमच्यापर्यंत पाच काम्प्युटर, एक सर्व्हर आणि एक एसी एवढं येऊन पोहोचलं होतं. यांपैकी एसी लोकांना सर्वांत जास्त पटला. पाहुणे आले की चेअरमनसाहेब त्यांना आधी बॉयलर दाखवत, मग ऊस टाकायची गव्हाण, आणि शेवटी आम्हाला. सर्कशीत वाघ शेवटी आणतात तसे आम्ही काचेपलीकडे बसलेलो असायचो. चपला बाहेर काढून पाहुणे आत येत, गारव्यात दोन मिनिटं उभे राहत आणि "प्रगती हाय" असं म्हणून जात.

या थंड खोलीत आप्पा बारा महिने मफलर आणि माकडटोपी घालून बसत. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असताना ते टोपी काढून उन्हात जायचे आणि टोपी घालून आत यायचे. नवीन माणसाला वाटे, याचं काहीतरी उलटं आहे. आम्हाला माहीत होतं की त्यांना सर्दी होते. ते स्वतः मात्र कारण वेगळं सांगत. "गारव्यात डोकं चालतं म्हणतेत. माझं चालायचं थांबतं. म्हणून झाकून ठेवतो."

आप्पा मूळचे चौसाळ्याचे. घर लिंगायत व्यापाऱ्यांचं, भावांचं किराणा आणि भुसाराचं दुकान. त्या घरातला हा एकच मुलगा तराजू सोडून भूमापन खात्यात गेला आणि तीस वर्षं साखळी ओढत जमिनी मोजत हिंडला. कपाळावर विभूती, शर्टाच्या खिशात पेन्सिल, आणि चालताना पावलं मोजायची सवय. गेटपासून सेक्शनपर्यंत किती पावलं, सेक्शनपासून कँटीनपर्यंत किती, हे त्यांना तोंडपाठ होतं. कुणी शॉर्टकट सुचवला तर ते तो एकदा चालून बघत आणि किती पावलं वाचली ते सांगत. बहुतेक वेळा वाढलेली असत.

मोजणीवाला माणूस काम्प्युटर सेक्शनचा प्रमुख कसा झाला, याची कथा साधी आहे. आधीचा प्रमुख पुण्याहून आलेला पदविकाधारक होता. चार महिन्यांत त्याला कळलं की इथून सिनेमाला जायचं तर दीड तास एसटीत बसावं लागतं, आणि तो गेला. जाताना सहा जाडजूड इंग्रजी पुस्तकं टेबलावर सोडून गेला. आप्पा निवृत्त होऊन कारखान्यात उसाचं क्षेत्र तपासायला लागले होते. ते एकदा या खोलीत काही कामाने आले, त्यातलं एक पुस्तक उघडून उभ्याउभ्या वाचायला लागले आणि संध्याकाळी ते पुस्तक मागून घरी घेऊन गेले. वर्षभरात त्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून सहाही पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले. एका पानावर इंग्रजीत छापलं होतं, 'हे पान मुद्दाम कोरे सोडले आहे.' खाली आप्पांनी पेन्सिलीने नोंद केली होती, 'पान कोरे नाही. त्यावर एक ओळ आहे.'

असा माणूस दुसरा सापडणार नव्हता. कारखान्याने त्यांना प्रमुख केलं, पण वयामुळे दर वर्षी मुदतवाढ घ्यावी लागे. ती दर वर्षी चेअरमनसाहेबांच्या सहीने मिळे. हे आत्ताच सांगून ठेवतो.

काम्प्युटर म्हणजे तेव्हा काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. जे पाहिजे ते टाइप करून मागायचं. फायलींची यादी पाहिजे तर डीआयआर अशी तीन अक्षरं लिहायची, की यादी खालून वर सरकत जायची. फायली आमच्या मशीनमध्ये नसत. त्या सर्व्हरवर असत, आणि आम्ही त्यांच्यापर्यंत एका अक्षराने पोहोचायचो. हिशेबाची एफ ड्राइव्ह, शेतकी खात्याची जी, स्टोअरची एच. स्टोअरकीपरांना एच मिळाल्याचा राग होता. नोकरीत ते शेतकी अधिकाऱ्यांना सीनिअर होते, आणि शेतकीला जी मिळालं होतं.

शेतकी अधिकारी मात्र वेगळ्या कारणाने येत. ते आले की दारातूनच ओरडत, "आप्पा, फाईल उडाली!"

"फाईल म्हणजे चिमणी हाय का उडायला? बसा. पाणी प्या."

"अहो, सकाळी होती. माझ्या जी ड्राइव्हला होती."

"तुमची जी अन ह्याची जी एकच हाय हे कुणी सांगितलं?" आप्पा माझ्याकडे बोट करत. "जी म्हणजे जागा न्हाई, साहेब. जी म्हणजे बोट. तुमचं मशीन सर्व्हरकडं बोट करून म्हणतंय, ते तिकडलं मला दाव. तुमी मधी सीडी लिहून दुसऱ्या कप्प्यात गेले की बोट बी तिकडं फिरतं. मंग तुमी म्हणता, फाईल उडाली. फाईल जागीच हाय. तुमीच दुसरीकडं बघायलात."

शेतकी अधिकारी मान हलवून जात आणि आठवड्याने पुन्हा दारात ओरडत. आप्पा प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे तेच सांगत. माझ्यावर मात्र ते चिडत, कारण मला एकदा सांगून कळायला पाहिजे अशी त्यांची समजूत होती. खूश झाले की ते मला 'बे' म्हणत. हंगामभरात तीनचारदा म्हणाले असतील.

कुठल्याही तक्रारीचा ते आधी पंचनामा करत. हा त्यांचा शब्द. त्यासाठी लाल कापडी बांधणीचं एक रजिस्टर होतं. कोण बसलं होतं, कुठल्या मशीनवर, काय टाइप केलं, पडद्यावर अक्षरशः काय आलं, हे सगळं लिहून झाल्याशिवाय कळफलकाला हात लावायची परवानगी नव्हती. अक्षरशः म्हणजे अक्षरशः. मी एकदा 'फाईल सापडत नाही असा मेसेज आला' असं लिहिलं, तर त्यांनी ते खोडायला लावलं. पडद्यावर इंग्रजीत 'फाईल नॉट फाउंड' होतं, तर तेच लिहायचं. "भाषांतर करू नको. भाषांतरात आपलं मत मिसळतं."

बांध कोरणाऱ्या भावाभावांच्या भांडणात तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला घाई म्हणजे काय हे ठाऊक असतं. ते सांगत, मोजणीला गेलं की दोन्हीकडची माणसं एकदम बोलतात, आणि दोन्हीकडची बोटं वेगवेगळ्या दगडांकडं असतात. अशा वेळी कुणाचं खरं हे विचारायचंच नाही. आपण कुठं उभे आहोत ते आधी पक्कं करायचं आणि तिथून साखळी टाकायची.

म्हणूनच आमच्या सगळ्या मशीनवर त्यांनी एक सोय करून ठेवली होती. लुकलुकणाऱ्या रेघेच्या आधी पूर्ण पत्ता दिसायचा. कुठली ड्राइव्ह, कुठला कप्पा, त्यातला कुठला आतला कप्पा. "पत्ता लिहिल्याबिगर पत्र कुठं जातं?" असं ते म्हणत. कारखान्यात एकच मशीन याला अपवाद होतं, आणि ते चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये होतं.

चेअरमनसाहेबांना काम्प्युटर लागत नव्हता. पण हाताखालच्या माणसांना आहे आणि साहेबांना नाही हे बरं दिसत नव्हतं, म्हणून सहावा आणला. त्यावर जांभळ्या मखमलीचं आच्छादन होतं, त्याला सोनेरी झालर. चालवायचे पीए. त्यांचा साहेबांवर फार जीव होता आणि तो व्यक्त करायला त्यांना जागा अपुरी पडे. कमानी झाल्या, डायरी झाली, कॅलेंडर झालं. मग त्यांनी औरंगाबादहून येणाऱ्या इंजिनिअरला गाठलं आणि पत्त्याच्या जागी साहेबांची बिरुदं बसवून घेतली. केबिनमधल्या मशीनवर एंटर दाबलं की पत्ता यायचा नाही. इंग्रजी अक्षरांत 'शेतकऱ्यांचे कैवारी सहकारभूषण' असं यायचं, आणि त्यापुढे साहेबांचं नाव. दहा वेळा एंटर दाबलं तर दहा वेळा. पाहुण्यांना हे फार आवडे.

आप्पांनी हरकत घेतली होती. रजिस्टरमध्ये तशी नोंद होती. पीएंना ते म्हणाले होते, "नाव ठेवा की. पण त्याच्या संगं पत्ता बी ठेवा."

पीए दुखावले. "आप्पा, साहेबांच्या नावाम्होरं आनखी पत्ता कावून पाहिजे? साहेबांना कोण वळखत न्हाई?"

ते मशीन पीए कधी बंदही करत नसत. हंगामात कारखान्याची स्वतःची वीज असते, आणि साहेबांच्या टेबलावरचा पडदा काळा दिसणं त्यांना अशुभ वाटे.

त्या वर्षी नांदूरघाटच्या बाजूची सात गावं आमच्या कारखान्याला नव्याने जोडली गेली. तिथला ऊस आधी दुसरीकडे जायचा. गावोगावी सभा झाल्या, साहेबांनी शब्द दिला, आणि लोक आले. त्यांच्या उसाच्या लागणीची नोंद मी तीन आठवडे बसून भरली. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख. एका गावाची एक फाईल. या नोंदीवरून तोडणीची पाळी लागते. नोंद नाही तर पाळी नाही, पाळी नाही तर ऊस रानात उभा, आणि त्याला तुरा येऊन वजन घटतं. हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझे मामा वडवणीकडचे. कारखान्याच्या निवडणुकीत ते साहेबांच्या विरोधी पॅनलमधून उभे होते आणि व्यवस्थित पडले होते. मी नोकरीला लागलो ते याच्या आधी. पण कारखान्यात नाती कुणी विसरत नाही.

हंगाम सुरू होऊन दोनतीन दिवस झाले असतील. सकाळी दहाच्या सुमाराला त्या सात गावांतले आठदहा जाणते लोक साहेबांच्या केबिनमध्ये आले होते. नांदूरघाटचे एक वयस्क पाटील त्यांच्यात पुढे होते. पोहे झाले, चहा झाला. साहेबांनी पीएंना खूण केली. पीएंनी मखमल बाजूला केली. मला मागे उभं राहायला बोलावलं होतं, काही अडलं तर म्हणून. आप्पा वजनकाट्याकडची केबल बघायला गेले होते.

"तुमचा ऊस आता वहीत न्हाई, काम्प्युटरमंदी हाय," साहेब म्हणाले. "डोळ्यांनी बघून घ्या."

पीएंनी जी ड्राइव्हवर डीआयआर लिहिलं. गावांची नावं भराभर वर सरकली आणि थांबली. लोक वाकून वाचायला लागले. मीही वाचलं. चौसाळा होतं, वडवणी होतं, पन्नासेक गावं होती.

"आमचं कुठंय?" पाटलांनी विचारलं.

पीएंनी पुन्हा लिहिलं. यादी पुन्हा सरकली. मग त्यांनी नांदूरघाटची फाईल नावाने उघडायला बघितली. पडद्यावर आलं, फाईल नॉट फाउंड. त्याखाली शेतकऱ्यांचे कैवारी सहकारभूषण. एकेक करून सातही गावं विचारली. सातही नॉट फाउंड. आणि प्रत्येकाखाली कैवारी.

"म्हंजी आमची नोंदच न्हाई?" पाटलांचा आवाज चढला नाही, खाली गेला. "साहेब, दोन पिढ्यांचा कारखाना सोडून आलो आमी. तुमच्या शब्दावर. गावात काय तोंड दावू?"

"ह्यानं भरलत्या," पीए माझ्याकडे वळले. "का रं? कुठं गेल्या?"

"होत्या. मी भरल्या होत्या. आमच्या सेक्शनमध्ये बघू या..."

"साहेबांच्या मशीनवर न्हाईत अन तुमच्यावर असतील व्हय?" पीए म्हणाले आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वडवणीचे मामा हाएत ह्याचे. पडलेले. समजून घ्या आता."

कुणाला समजायचं राहिलं नाही. खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "लिहून घ्या त्याच्याकडून. अन उद्यापासून येऊ नको म्हणावं."

पीएंनी लेटरहेडचा कागद पुढे केला आणि सांगायला सुरुवात केली. सात गावांच्या फायली माझ्या हातून नष्ट झाल्या असून त्याबद्दल मी क्षमा मागतो. मी लिहीत गेलो. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण लिहिता लिहिता मला ते खरं वाटायला लागलं. काल संध्याकाळी मी कुठली कळ दाबली होती? डोळ्यांवर झोप होती का? दहा माणसं एकच गोष्ट म्हणत असली की स्वतःच्या बोटांवरचा भरवसा फार वेळ टिकत नाही. मी खाली सही करायला लागलो. माझ्या नावाची पहिली दोन अक्षरं कागदावर पडली, तेवढ्यात वरून एक हात आला आणि कागद निघून गेला.

आप्पा होते. सवयीने चपला केबिनबाहेर काढून आले होते. त्यांनी कागद पूर्ण वाचला, माझी दोन अक्षरंही बघितली.

"नष्ट झालेल्या कुणी बघितल्या?"

पीएंनी माझ्याकडे बोट केलं.

"तू बघितल्या?" मला विचारलं.

"नाही."

"मंग जे बघितलं न्हाई ते लिहून कावून द्यायलास?" कागदाची घडी त्यांच्या खिशात गेली. मग ते शिपायाला म्हणाले, "पाणी आण. समद्यांला. साहेबांला बी."

सगळ्यांनी पाणी प्यायलं. साहेबांनीही. चेअरमनच्या केबिनमध्ये त्या पाच मिनिटांत पेले टेबलावर टेकल्याचाच काय तो आवाज होता. मग आप्पा मशीनसमोर बसले आणि एकदा एंटर दाबलं. बिरुदं आली.

"साहेब, हे तुमचं नाव झालं. आता आपण उभं कुठं हाओत?"

"माझ्या केबिनमध्ये," साहेब म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

"केबिनीचं न्हाई. ही यादी कुठल्या जागेची हाय, ते विचारायलो." ते पाटलांकडे वळले आणि लिंगायत रीतीने नमस्कार केला. "पाटील, शरणार्थ. जरा म्होरं या. नावं नका वाचू. नावाच्या उजवीकडं तारखा हाएत, त्या वाचा."

पाटलांनी चष्मा नाकावर खाली ओढला. पडद्यावर बोट ठेवून एक तारीख वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. मग थांबले.

"हे तर मागल्या सालचं हाय."

"समदं?"

"समदं मागल्या सालचं."

"मागल्या साली तुमची नोंद हितं होती का?"

"मागल्या साली आमी हितं कुठं होतो?" पाटील म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. त्यांनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं, जणू पडदा तापला होता.

आप्पांनी यादी पुन्हा मागवली, पण या वेळी एकेक पडदाभर थांबेल अशी. लांब यादीचं डोकं पडद्याबाहेर निघून जातं आणि आपल्याला शेपूट तेवढी दिसते. थांबवली तेव्हा डोकं दिसलं. वरच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं की ही यादी जी ड्राइव्हवरच्या मागच्या हंगामाच्या कप्प्याची आहे.

"पीएसाहेब, परवा पाहुणे आलते. त्यांला मागल्या हंगामाची यादी दावलती का?"

"दावलती," पीए म्हणाले.

"तवा सीडी लिहून त्या कप्प्यात गेलते?"

"गेलतो."

"परत आलते?"

पीए मखमलीची झालर सारखी करायला लागले. आप्पांनी दोन शब्द लिहून जी ड्राइव्ह तिच्या जागी आणली आणि डीआयआर लिहिलं. यादी आली. नांदूरघाट होतं. सातही होती. पाटलांनी सात नावं मोठ्याने वाचली आणि मागचे लोक प्रत्येक नावाला "हाय" म्हणत गेले. मी भिंतीला टेकलो.

इथे थांबता आलं असतं. साहेब हसले, "चला, मशीनची गलती," असं म्हणाले, आणि लोकही उठायला लागले. आप्पा उठले नाहीत. त्यांनी मला लाल रजिस्टर आणायला पाठवलं आणि पंचनामा लिहायला घेतला. कोण बसलं होतं, काय टाइप केलं, पडद्यावर काय आलं. शेवटी कारण लिहिलं. ते वाक्य मला आजही पाठ आहे. 'मशीन कोणत्या जागेची यादी दाखवीत आहे हे पडद्यावर कळू शकले नाही, कारण त्या जागी माननीय चेअरमनसाहेबांची पदवी व नाव लावण्यात आले होते.'

पीएंनी ते खांद्यावरून वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आप्पा, एवढं लिहायची काय गरज हाय? फायली घावल्या की."

"फायली घावल्या. ह्याचं नाव न्हाई घावलं आजून," आप्पा म्हणाले. "हे लोक आता सात गावांला जातेत. दारातून भायेर पडताना काय आठवंल त्यांला? वडवणीचे मामा. लिहिलं न्हाई तर तेवढंच ऱ्हाईल."

पंच म्हणून पाटलांनी सही केली, त्यांच्या मागे आणखी चौघांनी. मग रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं गेलं. साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यांची पेन धरलेली बोटं थोडा वेळ तशीच राहिली. आठदहा शेतकरी बघत होते. त्यांनी सही केली, आणि ती मोठी केली, पूर्ण नावाची. त्यांच्याबद्दल मला पुढे पुष्कळ राग आला, पण ती सही मी त्यांच्या खात्यावर चांगली म्हणून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी केबिनमधल्या मशीनवर साधा पत्ता दिसायला लागला. आणि हंगाम संपल्यावर आप्पांची मुदतवाढ आली नाही. पत्र फार आदराने लिहिलेलं होतं. त्यात आप्पांच्या प्रकृतीची काळजी होती.

निरोप समारंभ झाला. फेटा, शाल, श्रीफळ. पीए पाऊण तास बोलले आणि त्यांना खरोखर भरून आलं. उत्तरादाखल आप्पा उभे राहिले. उत्साहाच्या भरात कुणीतरी सर्व्हरलाही झेंडूचा जाड हार घातला होता, तिकडे बघून ते म्हणाले, "तेवढा हार काढा. त्याला हवा लागती." आणि बसले. कारखान्याच्या इतिहासातलं सर्वांत छोटं भाषण ते असावं. अंमलबजावणी झालेलंही तेवढंच.

मी पुढे कायम झालो. नवी मशीनं आली, काळा पडदा गेला, सेक्शनची जबाबदारी माझ्याकडे आली. तीनेक वर्षांनी एका कामासाठी चौसाळ्याला उतरलो होतो, तेव्हा त्यांच्या दुकानात गेलो. आप्पा मागच्या बाजूला पोत्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. भाऊ त्यांना तराजूजवळ बसू देत नाहीत, असं धाकट्या भावाने मला हळूच सांगितलं. गिऱ्हाईक दोन मिनिटांत जायचं ते वीस मिनिटं थांबतं.

चहा आला. इकडचं तिकडचं झालं. मग मी बरेच दिवस मनात असलेलं बोललो. म्हणालो, "आप्पा, त्या दिवशी सगळी खोली माझ्या विरोधात होती. मी स्वतःसुद्धा सही करायला निघालो होतो. एकट्या तुमचा माझ्यावर विश्वास होता. माझ्यापायी तुमची मुदतवाढ गेली."

आप्पांनी वर्तमानपत्राची घडी केली. कोपरे जुळवले.

"विश्वास? न्हाई बे," ते म्हणाले. "त्या वक्ताला मला बी वाटलतं, तुज्याच हातून गेल्या असतील. लई थकलता तू त्या हप्त्यात. मामाचं बी कानावर आलतं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मग पाणी का पाजलं सगळ्यांना? कागद का काढून घेतला?" मी विचारलं.

"बघितलं नव्हतं ना कुणी," आप्पा म्हणाले. "तुज्या हातून गेल्या असत्या, तर मी तसंच लिहिलं असतं. तारखेनिशी. अन तुला सही करायला लावलं असतं."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो आणि मला थोडं वाईट वाटत होतं. इतकी वर्षं ज्या विश्वासाबद्दल मी मनात हात जोडत आलो, तो विश्वास नव्हताच. पुढे गाडी घाटाला लागली तेव्हा मला दुसरं काहीतरी सुचलं. त्या केबिनमध्ये माझ्यावर विश्वास ठेवणारा कुणी असता, तर पीए बोलल्यावर तो किती वेळ टिकला असता? माझा स्वतःचा तर एक पानभरही टिकला नव्हता. मी गुन्हेगार असेन असं वाटत असतानाही त्या माणसाने आधी फायली शोधल्या, आणि मी नाही हे कळल्यावर त्याची किंमत मोजून ते लिहून ठेवलं.

बीड येईपर्यंत मी त्यांना पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा नीट, हात जोडले.